तासाभराची हजेरी

आमच्या गुरुजींना हजेरी घ्यायला तास लागायचा. पट विसाच्या आत, आणि हजेरीला तास! मी बदली होऊन त्या शाळेत आले तेव्हा पहिल्या दिवशी वाटलं, म्हाताऱ्याचा चष्मा बदलायला झालाय. चार दिवसांनी कळलं, डोळे चांगले ठणठणीत आहेत, हे सगळं मुद्दाम चाललंय.

ते नाव पुकारायचे. पोर समोर असलं तर "हजर गुर्जी" म्हणायचं, गुरुजी खूण करायचे, इथपर्यंत सगळं सगळ्यांसारखं. पण पोर नसलं की ते पेन खाली ठेवायचे आणि वर्गाकडे बघत बसायचे. कुणीतरी त्या पोराचा ठावठिकाणा सांगितल्याशिवाय पुढचं नाव नाही. मंगल कुठंय? मंगल घाटघरला गेली, आजी पडलीय तिची. मग आजी कशी पडली, कुठल्या पायाला लागलं, कुणी पाय चोळला, सगळं झालं की मगच पुढचं नाव. भीमा कुठंय? भीमा आईसोबत नारायणगावात मजुरांच्या अड्ड्यावर. का? काल तापला होता, घरी ठेवायला कुणी नाही. "मग आज बरा हाय का?" असं गुरुजी विचारायचे, आणि पोरं आपसात वाद घालून ठरवायची की भीमा बरा आहे की नाही.

मी वैतागायचे. दोन खोल्यांची शाळा, चार इयत्ता, दोघं मास्तर, त्यात वरून रोज नवी माहिती भरून मागणारे. हिशेबानं बघितलं तर आमच्याकडे तास फुकट घालवायला नव्हताच. एकदा मी बोललेच. म्हटलं, गुरुजी, गैरहजर म्हणून टाका आणि पुढे चला. ते शांतपणे म्हणाले, "बाई, पोर गैरहजर नसतं. पोर कुठंतरी असतं. ते कुठं हाय हे आपल्याला म्हाईत नसलं, तर गैरहजर आपण."

असं काही बोलून झालं की ते नाकात तपकीर ओढायचे आणि दोनदा शिंकायचे. त्यामुळे त्यांच्या मोठ्या वाक्यांचा कुणावर फार परिणाम व्हायचा नाही.

आमची वाडी म्हणजे वारूळवाडीच्या पुढे हायवे सोडून आत उतरलं की उसाच्या मधोमध. एके काळी शाळेत वाडीतल्याच शेतकऱ्यांची पोरं. आता त्यांच्या अंगणात सकाळी पिवळी बस येते, पोरं टाय लावून बसतात आणि नारायणगावला इंग्रजी शाळेत जातात. जाऊ देत, माझं काही म्हणणं नाही. आमच्याकडे मग उरलं कोण? पश्चिमेच्या डोंगरातल्या आदिवासी वाड्यांतून मजुरीला येऊन उसाच्या कडेला झोपड्या टाकून राहिलेल्यांची पोरं. पोल्ट्रीवर कामाला असलेल्या बिहारी कुटुंबाची रिंकी. मेंढ्या घेऊन येणाऱ्या धनगरांची दोघं-तिघं, ती मेंढ्या आसपासच्या रानात बसल्या की यायची, उठल्या की जायची. लग्नकार्यात बायका मला हमखास विचारायच्या, तुमच्या शाळेत आता पोरं कुणाची हो? मी म्हणायचे, माणसांची. त्यावर त्या जेवणाच्या पंगतीकडे वळायच्या.

गुरुजी मूळचे लोणीचे, कोरडवाहू गावचे. बायको लवकर गेली, मुलगा चाकणला कंपनीत. ते एकटेच शाळेजवळ एका खोलीत राहायचे. मोटरसायकल होती पण ती शाळेच्या मागं उभी असायची, कारण झोपड्यांकडे जाणारी वाट उसातून, पायीच जायची. आणि त्या वाटेनं गुरुजी डोक्यात हेल्मेट घालून चालायचे. पायी चालणारा आणि हेल्मेट घातलेला माणूस जुन्नर-आंबेगावात तो एकच असेल. कारण विचारलं तर म्हणायचे, पुढनं येणाऱ्याला मी तोंड देईन, बिबट्या मागनं येतो.

बिबट्याची भीती आमच्याकडे खोटी नाही. ज्यानं उसात राहून दिवस काढलेत त्याला विचारा. लोक वाटेनं मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावतात, माणसांची चाहूल असली की जनावर बाजूला होतं म्हणून. गुरुजींनी यावर आपला तोडगा काढला. शाळा सुटली की पोरांची रांग करायची, आपण हेल्मेट घालून पुढं आणि सगळ्यांनी मोठ्यानं पाढे म्हणायचे. सोपे नाही, एकोणतीसचा. का? तर दोनचा पाढा संपतो लवकर, आणि बिबट्यालाही पाठ असेल. "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न" असं उसातून ऐकू यायला लागलं की वाडीला कळायचं, शाळा सुटली. पहिलीतलं पोर, ज्याला वीसपर्यंत मोजताना धाप लागायची, तेही एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्टला आलं की सगळ्यात मोठ्यानं ओरडायचं. बिबट्या आमच्या रांगेच्या वाटेला कधी गेला नाही. पाढ्यानं गेला नाही की कसं, ते त्यालाच ठाऊक.

आणि बारशी! पंचक्रोशीतलं एक बारसं या माणसानं चुकवलं नाही. आमंत्रणाची वाट बघायची पद्धतच नव्हती. पाळण्यात बाळ घातलं, आत्यानं कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, पाठीत धपाटे खाल्ले, की गुरुजी बायकांतून वाट काढत पाळण्याशी जायचे. वाकायचे आणि बाळाच्या दुसऱ्या कानात सांगायचे, "पहिलीला ये." मग घुगऱ्या खाऊन चालू लागायचे. झोपडीत बारसं असलं तर लोक हरखायचे. मोठ्या घरात असलं तर हसायचे, नाहीतर चिडायचे.

सगळ्यात चिडले ते तात्या. तात्या म्हणजे वाडीतले सगळ्यात मोठे बागाईतदार, माजी सरपंच. द्राक्षं, ऊस, कांदा, सगळं त्यांचं. त्यांच्या नातीच्या बारशाला मंडप होता, पाळण्याला फुगे होते, आणि फोटोवाला फोटो काढत असताना गुरुजींनी हेल्मेट काखेत धरून पाळण्यात तोंड घातलं. तात्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं. म्हणाले, मास्तर, आमच्या घरची पोर तुमच्या शाळेत येणार न्हाई, उगं तिच्या कानात काय बी भरू नका. गुरुजी म्हणाले, मी तर सांगून ठेवलं, पुढं तिची मर्जी.

तात्या वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. दुष्काळात त्यांनी झोपड्यांना स्वतःच्या विहिरीचं पाणी दिलं होतं. पण शाळा बंद व्हावी असं त्यांचं स्पष्ट मत होतं आणि ते लपवत नसत. पट घसरत चाललेला, वरून सारखी चर्चा की लहान शाळा मोठ्या शाळेत मिसळायच्या. मोठी शाळा हायवेच्या पलीकडं. झोपडीतलं सहा वर्षांचं पोर उसातून जाणार, मग तो हायवे ओलांडणार? जाणार नाही. घरी बसणार. हे मला कळत होतं, तात्यांनाही कळत असणार. पण ते पारावर बसून म्हणायचे, आपल्या वाडीचं एक पोर त्या शाळेत न्हाई, मग चालवायची कुणासाठी?

ते वाक्य गुरुजींच्या कानावर गेलं तेव्हा ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. हजेरीसुद्धा मी घेतली, तीही तासाभराची, कारण पोरं मला सोडेनात.

मग एका मार्चमध्ये निरोप आला, उद्या तालुक्याहून साहेब येणार, पट प्रत्यक्ष मोजणार. पोरं समोर दिसली तर शाळा राहील, नाहीतर तसा अहवाल जाईल. वाडीतली दोन तरुण पोरं संध्याकाळी आली. चांगली होती बिचारी, आमच्याच शाळेत शिकलेली. त्यांनी तोड काढली होती. उद्या इंग्रजी शाळेतली आठ-दहा पोरं घरी ठेवतो, टाय काढतो, आणि तुमच्या वर्गात बसवतो. साहेब मोजून गेले की आपलं काम झालं. कितीतरी ठिकाणी करतात म्हणे.

मला तर पटलं होतं. खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात बाकंही मांडली होती. गुरुजी म्हणाले, "शेजारनं विरजण उसनं आणावं राव. पोरं कसली उसनी आणता?"

आणि हेल्मेट घालून ते झोपड्यांकडे निघाले. मीही मागं गेले. तिथं वेगळंच. तात्यांचा कांदा काढणीला आला होता, सगळ्या बायकांनी काम उक्तं घेतलेलं, दुसऱ्या दिवशी पहाटेपासून शेतात जायचं. पोरं झोपडीत एकटी ठेवायची तर आसपास बिबट्याचे ठसे. म्हणून पोरं आयांबरोबर कांद्यात. मी हात जोडून म्हटलं, अगं एक दिवस पोरं शाळेत पाठवा, आम्ही सांभाळू. मंगलची आई म्हणाली, बाई, उजाडायच्या आत निघायचं, तवा शाळा कुठं उघडी अस्ती? तिचं खरं होतं. तात्यांनी उद्याचाच दिवस मुद्दाम धरला की योगायोग, देव जाणे. कांदा काही साहेबाला विचारून पिकत नाही.

गुरुजी कुणाला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, न्या पोरं, पण कुठल्या शेतात हाय ते जाताना रिंकीला सांगून जा.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तरुण होते, सकाळपासून दोन शाळा उरकून दमलेले. वर्गात रिंकी धरून पाच-सहा पोरं. साहेबांशेजारच्या खुर्चीत तात्या, गावचे प्रतिष्ठित म्हणून चहा घेत बसलेले. साहेबांनी बाकांवरून नजर फिरवली. गुरुजींनी हजेरीपत्रक उघडलं.

"भीमा?"

गुरुजींनी पेन खाली ठेवलं. रिंकी उभी राहिली. बिहारची पोर, पण बोलणं वाडीतल्या म्हातारीसारखं. "भीमा तात्यांच्या कांद्यात, गुर्जी."

"मंगल?"

"मंगल बी तात्यांच्या कांद्यात. भावाला घेऊन."

गुरुजींनी घाई केली नाही. प्रत्येक नावाला पेन खाली, प्रत्येक नावाला वर्गाकडे बघणं. चौथ्या-पाचव्या नावापासून सगळीच पोरं एका सुरात सांगायला लागली, तात्यांच्या कांद्यात. साहेबांनी आधी घड्याळ बघितलं, मग घड्याळ बघायचं सोडलं. शेवटी त्यांनी विचारलं, हे तात्या कोण?

तात्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, मीच. पण मी आयांना बोलावलंय, पोरांना न्हाई. गुरुजी म्हणाले, तात्यांचं बरोबर हाय साहेब, आया आल्या की पोरं येणारच, झोपडीत कुणाच्या भरवशावर ठेवायची? यात टोमणा नव्हता, ते खरंच तात्यांची बाजू घेत होते. पण तात्यांना ती बाजू घेतलेली काही आवडली नाही.

साहेब भला माणूस. म्हणाले, गुरुजी, मला सगळं समजतं, पण मला समोर दिसतील तेवढीच डोकी लिहिता येतात. गुरुजींनी हजेरीपत्रक मिटलं, काखेत मारलं आणि हेल्मेट डोक्यात घातलं.

"चला," ते म्हणाले, "डोकी दाखवतो."

साहेब नको म्हणेपर्यंत पोरांनी रांग केली होती. पुढं गुरुजी, मग पोरं, मग साहेब, त्यांच्यामागं तात्या, सगळ्यात शेवटी मी, आणि आमची शाळा उसात शिरली. एकोणतीस एके एकोणतीस. साहेब सुरुवातीला गप्प होते. रिंकीनं मागं वळून त्यांना सांगितलं की बिबट्या आहे, गप्प राहून चालणार नाही, तेव्हा तेही पुटपुटायला लागले. तात्या मात्र खड्या आवाजात, एकही आकडा न चुकता म्हणत होते. शिकले होते ना ते आमच्याच शाळेत, चौथीपर्यंत. मी त्यांच्यामागून चालत होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

शेतात बायका ओळीनं बसून कांद्याची पात कापत होत्या. पोरं कांदे गोळा करून ढिगावर टाकत होती, अगदी लहानगी लिंबाखाली. गुरुजी बांधावर उभे राहिले, हजेरीपत्रक उघडलं आणि वर्गात घेत तशीच हजेरी घ्यायला लागले. भीमा? कांद्यातून भीमा उठला, दोन्ही हातांत कांदे, "हजर गुर्जी!" मंगल? मंगल कडेवर भावाला घेऊन उभी राहिली, हजर. बायकांचे विळे थांबले. त्या दिवशी पहिल्यांदाच असं झालं की गुरुजींना एकदाही पेन खाली ठेवावं लागलं नाही. शेवटी ते मंगलच्या कडेवरच्या सोमाकडे बोट दाखवून साहेबांना म्हणाले, ह्याचं आत्ता लिहू नका, हा चार वर्षांनी येणार हाय, त्याला सांगून ठेवलंय.

साहेबांनी विचारलं, गुरुजी, पण ही शाळा आहे की शेत?

"शाळा भरलीय साहेब. जागा तेवढी तात्यांची हाय."

मग ते तात्यांकडे वळले. इतके दिवस गिळलेलं वाक्य होतं ते. आवाज चढवला नाही. "तात्या, तुमी इचारलं व्हतं, शाळा चालवायची कुणासाठी. तुमचा कांदा काढायला ही माणसं आपली. आन त्यांची पोरं शिकवायची म्हटली की परकी का?"

तात्या कांद्याच्या ढिगाकडे बघत राहिले. मग एका बाईला म्हणाले, साहेबांना पाणी दे.

गुरुजींनी तिथंच बांधावर शाळा घेतली. दहा-दहा कांद्यांचे ढीग, ढिगांचे ढीग, दशक आणि शतक त्या दिवशी पोरांना जसं समजलं तसं वर्षभर फळ्यावर समजलं नव्हतं. साहेब लिंबाखाली बसून बराच वेळ बघत होते. त्यांनी अहवालात काय लिहिलं ते आम्हाला कळलं नाही. शाळा राहिली एवढं खरं. मी पेढे आणायला निघाले तर गुरुजी म्हणाले, यंदा राह्यली बाई, पुढल्या वर्षी परत लढायचं हाय, पेढे तवा आणा.

पुढच्या सुगीपासून तात्यांच्या ट्रॅक्टरची ट्रॉली आयांना शेतावर नेताना शाळेपाशी थांबायला लागली. पोरं उतरायची, आया पुढं जायच्या. त्यासाठी गुरुजी उजाडायच्या आत शाळा उघडून दारात बसलेले असत. तात्या अजूनही म्हणतात, त्या मास्तराला काडीची अक्कल नव्हती. नात त्यांची पिवळ्या बसमधूनच जाते. पण बस आमच्या रांगेजवळून गेली की ती खिडकीतून तोंड काढून एकोणतीसचा पाढा ओरडते, आणि तो इंग्रजी शाळेत शिकवत नाहीत. मला यात जो आनंद होतो तो मी लपवणार नाही.

गुरुजी निवृत्त झाले आणि लोणीला गेले. तरी पोरांनी त्यांचं नाव हजेरीत ठेवलं. मी शेवटचं नाव घेऊन पत्रक मिटलं की पोरं म्हणायची, बाई, गुर्जींचं राह्यलं. मग मी विचारायचे, गुरुजी कुठंयत? कुणीतरी सांगायचं, लोणीला बारशाला गेल्यात. कुणी म्हणायचं, अड्ड्यावर दिसले, एका नव्या पोराला घेऊन येत्यात. आणि खरंच कधीकधी ते दुपारी हेल्मेट घालून, एखादं नवं पोर हाताला धरून दारात उभे असायचे.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. चाकणला मुलाकडे होते, झोपेतच गेले. मी अंत्यविधीला लोणीला जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी शाळा भरवली. हजेरी घेतली, पत्रक मिटलं. पोरांना सगळं कळलेलं होतं, तरी कुणीतरी म्हणालंच, बाई, गुर्जींचं राह्यलं. माझ्याच्यानं प्रश्न विचारवेना. पण हजेरी अर्धी सोडायची आमच्या शाळेत पद्धत नाही. म्हटलं, गुरुजी कुठंयत? आमच्या वर्गात पहिल्यांदा कुणालाच सांगता आलं नाही. मग पहिलीतला सोमा उठला, मंगलच्या कडेवरचा तोच. म्हणाला, "म्हाईत न्हाई बाई. पण गैरहजर न्हाईत."

मी खिडकीकडे तोंड करून रडले. पोरं थांबली माझ्यासाठी. मग मी फळा पुसला आणि तारीख घातली.

आता पुन्हा तेच सुरू झालंय. पट पुन्हा घसरलाय, पोल्ट्री बंद पडली, रिंकीचे आईबाप दुसरीकडं गेले. आज सकाळी नवे साहेब आले होते. हल्ली मोबाइलवर सगळं, पोराच्या नावापुढं दोनच बटणं, हजर नाहीतर गैरहजर. त्यांनी बाकांकडे बघितलं, मोबाइल काढला आणि म्हणाले, बाई, पटकन सांगा, गैरहजर किती?

तात्या व्हरांड्यात उभे होते. बोलावलं कुणी नव्हतं, आपणहून आले होते, ट्रॉली बाहेर उभी करून. गुरुजींचं हेल्मेट माझ्या मागं खुंटीला होतं, मुलानं आणून दिलेलं. मी हजेरीपत्रक उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि साहेबांपुढं खुर्ची सरकवली.

"बसा साहेब," मी म्हटलं. "आमच्याकडं हजेरीला तास लागतो."